घड्याळ चालू होतं

मंगळवार, रात्री

घड्याळ चालू होतं. झालं ते एवढंच, आणि दिवसभर माझं कशातही लक्ष लागलेलं नाही.

पुण्याहून आले, बॅग दारातच टेकवली आणि आधी फडताळ उघडलं. जाताना दादाचं घड्याळ तिथे रुमालावर ठेवून गेले होते. पूर्ण किल्ली दिली की ते 43 तास चालतं, म्हणजे पावणेदोन दिवसांनी बंद पडतं. मी त्याहून कितीतरी जास्त दिवस नव्हते. काटे कुठल्या तरी वेळेवर थांबलेले असणार, आधी ते बघायचं, मग किल्ली द्यायची, वेळ लावायची, असं स्टेशनवरून येताना रिक्षातच मनाशी घोळवत होते. फडताळ उघडलं तर सहाच्या जागेवरचा तो छोटा सेकंदकाटा आपला फिरतोय. वेळही बरोबर. अर्ध्या मिनिटाच्या आसपास पुढे, बस.

बरं वाटायला हवं होतं. मला रडू येईल असं वाटलं.

का, ते मला कळत नाही म्हणून लिहायला बसले आहे. कुणी हात लावला याचा राग? असेल थोडा. पण राग असता तर मी लगेच विचारलं असतं. मी विचारलं नाही. रुमाल नीट केला, फडताळ बंद केलं, चहा ठेवला. माई म्हणाली, "थकलेली दिसतेस." मी म्हटलं, "गाडीत झोप झाली नाही."

मी नसताना ते थांबायला हवं होतं. हे लिहून बघितलं आणि वाईट दिसतंय, तरी खरं तेच आहे.

सगळंच माझ्यावाचून चालतं. शाळेत माझ्या जागी नवी बाई आल्या, मुलं त्यांना चिकटलीसुद्धा. वाड्याच्या पाण्याच्या मोटरचं वेळापत्रक मी इतकी वर्षं सांभाळलं, आता खालच्या मजल्यावरच्या पोरानं टायमर बसवलाय. आणि पुण्यात दादाची खोली. वहिनीनं ती चिनूसाठी केली. भिंतीला पिवळा रंग, दादाचं टेबल गॅलरीत, त्यावर कुंड्या. "किती दिवस बंद ठेवणार होते खोली?" ती म्हणाली. बरोबर आहे तिचं. चिनूला अभ्यासाला जागा हवीच होती. मी कुंड्यांना पाणी घातलं. त्याच्याबद्दल आणखी लिहीत नाही.

घड्याळ मुद्दामच नेलं नव्हतं. तिनंच दिलेलं, तरी तिच्यासमोर मनगटावर घालायचा धीर होत नाही.

मग राहतं काय, तर सकाळचं हे एक काम. जगातली एकच वस्तू अशी, जी मी रोज हात लावला नाही तर बंद पडते. बॅटरी नाही, हात हलवला की आपोआप भरली जाणारी स्प्रिंगही नाही. सकाळी उठून दोन बोटांत ती बारकी कळ धरायची आणि पुढे-मागे फिरवत राहायचं. आधी अगदी हलकी, मग जरा भरल्यासारखी, मग अडते. अडली की थांबायचं, जोर करायचा नाही. ऑटोमॅटिक घड्याळात स्प्रिंगचं बाहेरचं टोक, ती जिच्यात गुंडाळलेली असते त्या डबीत घसरतं, कितीही फिरवा. याच्यात ते टोक पक्कं अडकवलेलं असतं, म्हणून शेवट बोटाला कळतो. आणि सोडताना कळ किंचित मागे येते. ती मुद्दाम ठेवलेली सोय आहे, स्प्रिंगवर शेवटचा जादा ताण राहू नये म्हणून. दादानं मला हे फोनवर समजावलं होतं. तो जर्मनीत ड्रेस्डेनला होता तेव्हा आमचं बोलणं बहुतेक घड्याळांवरच व्हायचं. त्याला बाकीचं बोलायचं नसे, हे मला फार उशिरा कळलं.

रविवारी तो गाडीनं ग्लासह्युटेला जायचा. डोंगरातलं चिमुकलं गाव, घड्याळांच्या कारखान्यांचं. खाणी संपून गाव उपाशी पडलं होतं तेव्हा 1845 मध्ये ड्रेस्डेनचा लांगे नावाचा घड्याळजी सरकारकडून कर्ज घेऊन तिथे गेला आणि त्यानं तिथल्या पोरांना हे काम शिकवलं. शंभर वर्षांनी, 8 मे 1945 ला, युद्ध संपता संपता गावावर बॉम्ब पडले. वाचलेली यंत्रं सोव्हिएत संघात नेली. उरलेल्या लोकांनी पुन्हा सुरू केलं. मग सगळं सरकारी झालं. मग बर्लिनची भिंत पडली आणि दोन-तीन महिन्यांत, 1990 च्या सुरुवातीला, एका माणसानं तिथे नोमोस नावाची लहानशी कंपनी काढली. दादाचं घड्याळ त्यांचं, टँजेंट. 1992 पासून जवळजवळ तसंच आहे: व्यास 35 मिलिमीटर, तबकडी पांढरट, बारीक उभे आकडे एकाआड एक, मध्ये नुसत्या रेघा, पोलादाचे तापवून निळे केलेले काटे. त्यात दिखाऊ काही नाही. दादा स्वतः तसाच राहायचा.

"गाव इतक्यांदा बंद पडलं, पण प्रत्येक वेळी कुणीतरी परत किल्ली दिली," असं तो म्हणाला होता. तेव्हा मला ते वाक्य फार आवडलं होतं. आज आठवलं आणि नको वाटलं.

इथे बडोद्यात, रावपुऱ्यातल्या घड्याळवाल्या काकांकडे मी ते साफसफाईला नेलं होतं. तेल सुकतं, काही वर्षांनी उघडून, धुऊन, पुन्हा तेल द्यावं लागतं. टॉवरच्या जवळच त्यांची एवढीशी जागा आहे. चिमणाबाई राणीसाहेबांच्या आठवणीसाठी 1896 मध्ये बांधलेल्या टॉवरच्या सावलीत बसून घड्याळं दुरुस्त करणारा माणूस, याचं मला लहानपणापासून अप्रूप. काकांनी असलं घड्याळ आधी कधी पाहिलं नव्हतं. भिंग लावून खूप वेळ बघत राहिले. एका मोठ्या पट्टीनं पाऊण मशीन झाकलेलं, तिच्यावर चमकत्या रेघा, निळे स्क्रू. पट्टी काढल्यावर मात्र हसले. स्वित्झर्लंडच्या पेसोची 7001 म्हणून एक चपटी मशीन आहे, ती त्यांनी शेकड्यांनी हाताळलेली, आणि नोमोसनं सुरुवात तिच्यावरच केली होती. आताचं त्यांचं स्वतःचं मशीनही तिच्याच आराखड्यातून आलेलं. "घर नवुं छे, खानदान ओळखाणवाळुं छे," म्हणाले. पैसे घेतले, आणि बजावलं, "बेन, रोज एक ज टाइमे चावी आपजो." कारण स्प्रिंग भरलेली असते तेव्हा चाल एकसारखी असते, उतरत आली की बिघडते.

म्हणून मी रोज सहाला देते. पाहुणे असोत, ताप असो. मला वाटायचं, हे माझं आणि दादाचं.

दुपारी शेवटी विचारलं. माई पलंगावर बसून वाल सोलत होती.

"माई, घड्याळाला किल्ली तू देत होतीस?"

"मग कोण देणार?"

"थांबलं असतं तरी चाललं असतं. मी आल्यावर दिली असती."

"थांबलेलं घड्याळ घरात ठेवू नये." एवढं बोलून पुन्हा वाल.

मला हे उत्तर इतकं लागलं की मी उठून स्वयंपाकघरात गेले. म्हणजे कारण ते. शुभ-अशुभ. मी ज्याला एवढं जपते त्याचं तिला एवढंच. तिथे उभी राहून मी खरोखर रडले. दादासाठी का स्वतःसाठी, सांगता येणार नाही.

मग भांडी आवरताना एक गोष्ट डोक्यात आली. अर्धं मिनिट पुढे. मनगटावर असताना ते दिवसाला तीन-चार सेकंद पुढे जातं. पाठीवर पडून राहिलं की जरा जास्त, कारण तेव्हा आतलं पुढे-मागे झुलणारं झोलाचं चाक आसाच्या टोकावर फिरतं, घासत कमी, झोका मोठा. इतके दिवस आडवं राहून एवढंच पुढे, म्हणजे ते एकदाही थांबलेलं नाही, एकदाही पार उतरलेलं नाही. माईला मोबाइल बघून वेळ लावता येत नाही, म्हणजे मध्ये कुणी वेळही लावलेली नाही. एक दिवस न चुकता, आणि बहुधा त्याच वेळेला. तिच्या त्या बोटांनी! सांध्यांना सूज असते, डब्याचं झाकण निघत नाही तिच्याच्यानं. ती कळ तर माझ्याही नखाला निसटते.

पुन्हा जाऊन शेजारी बसले.

"कळ कशी फिरवलीस गं? हात दुखत नाहीत?"

"पदरानं धरली. निसटत नाही मग."

"आणि थांबायचं कुठे, कसं कळलं? जास्त पिळलं तर स्प्रिंग जाते."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "अण्णांच्या घड्याळाला कोण देत होतं?"

अण्णांचं एचएमटी जनता. पांढरी तबकडी, मामांकडे आहे ते आता. बंगळूरच्या कारखान्यात 1961 पासून जपानच्या सिटिझनच्या मदतीनं घड्याळं बनायला लागली, आणि पुढे निम्म्या दांडिया बाजाराच्या मनगटावर तेच दिसायचं. अण्णा दाढी करून, शर्ट घालून, कोनाड्यातून घड्याळ उचलून मनगटाला बांधायचे. किल्ली देताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. कधी मनातही आलं नाही की बघितलं नाही.

"ते दाढीला बसले की मी द्यायची. चहा उकळेपर्यंत होतं. लग्न झाल्यापासून," माई म्हणाली. "त्याचा आवाज जाड होता. याचा बारीक आहे, घाईघाईचा."

हे तिला कानानं कळलं! खरंच आहे ते. जनता सेकंदाला पाच ठोके देतं, हे सहा. तासाला 18,000 आणि 21,600. मी हे वाचून शिकले होते. तिनं फडताळाशी उभं राहून ऐकलं होतं, म्हणजे नुसती किल्ली देऊन ती तिथून निघून जात नव्हती.

वहिनीनं घड्याळ माझ्या हातात ठेवलं तेव्हा माई शेजारीच बसलेली होती. तिनं ते मागितलं नाही. हातात घेऊनही बघितलं नाही. मला वाटलं, तिला घड्याळातलं काय कळतं, आणि तो दिवस असा होता की मी पुढे विचारच केला नाही. तिच्या पोरानं रोज वापरलेली वस्तू माझ्या फडताळात आली, आणि मी गावाला जाईपर्यंत तिला तिथे उभं राहायला निमित्त मिळालं नाही.

अशुभाचं ती बोलली ते खोटं नव्हतं. पण आमच्याकडे जे बोलायचं नसतं त्याच्या जागी असलं काहीतरी बोलायची पद्धत आहे. दादाचंही तेच, मुख्य स्प्रिंग आणि डबी.

सकाळपासून पोटात जे होतं ते आता कमी झालंय. गेलेलं नाही. अजूनही वाटतं की एखादी गोष्ट तरी माझ्यासाठी अडून राहावी. पण या घड्याळाकडे ते मागण्यात अर्थ नाही. ते माझ्यासाठी थांबलं नाही, कारण त्याच्यासाठी थांबलेलं आणखी एक माणूस घरात होतं.

संध्याकाळी दिवा लावल्यावर घड्याळ काढून तिच्या हातात दिलं. तिनं आधी कानाला लावलं, मग उलटं करून काचेतून आतलं चाक बघितलं. पुष्कळ वेळ बघितलं. "हे याचं काळीज का?" म्हणाली. मी म्हटलं, हो, झोल म्हणतात. पट्ट्याला मी पाडून घेतलेलं जादाचं भोक तिच्या बोटाला लागलं, तर म्हणाली, "त्याचं मनगट अण्णांवर गेलं होतं." पुढे काही बोलली नाही, मीही नाही.

नंतर जेवताना विचारलं तिनं. "दोघींनी दिली तर बिघडेल का?"

"नाही. भरलेली असली की अडतं. मग फक्त जोर करायचा नाही."

"जोर करायला माझ्यात आहे कुठे." आणि थोड्या वेळानं, "सहा फार लवकर होतं. मी सातला देत होते."

काकांनी वेळ एकच ठेवा म्हटलंय, सहाच ठेवा असं नाही. सात ठरलं. माझा चहा तेव्हाच उकळत असतो. मी गजर लावते म्हटलं, तर नको म्हणाली, तिला जाग येते.