कोणी येत नाही, मग तुम्ही ग्रामसभेला का जाता?

"तिथं कोणी फिरकत नाही, सगळं आधीच ठरलेलं असतं. मग तुम्ही कशाला जाता?" भाचा विचारतो, शेजारी विचारतात, परवा एसटीत एका ओळखीच्या बाईंनीही विचारलं. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

ग्रामसभेला गणपूर्ती लागते. गावच्या मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० जण, यातला जो आकडा कमी असेल तो. आमच्याकडे शंभर माणसं जमली की भागतं. जमतात पंचवीस-तीस. मग सभा तहकूब. आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही. पुढच्या तारखेला आठजण बसले तरी ठराव मंजूर होतो आणि प्रोसिडिंगात 'सर्वानुमते' लिहिलं जातं. घरी बसलेला माणूसही त्या 'सर्वानुमते'त धरलेला असतो. त्याला वाटतं, आपण कशातच नाही.

आमच्या वाडीत एक काकू आहेत. नवरा गेल्यापासून दिराच्या घराच्या पडवीत राहतात. घरकुलाच्या 'ड' यादीत, म्हणजे सरकारी मदतीतून घर मिळावं म्हणून नोंदवलेल्या कुटुंबांच्या यादीत, त्यांचं नाव होतं. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेला ती यादी मंजुरीला आली, तेव्हा त्यांच्या नावापुढे 'पक्के घर आहे' असा शेरा होता. घर दिराचं, शेरा काकूंच्या नावापुढे. वाडीतल्या कुणीही एका माणसानं हात वर करून एवढं सांगितलं असतं तरी पुरे होतं. पण हळव्या भाताची कापणी सुरू होती, वाडीतलं कोणीच गेलं नाही. मीही शेतातच होतो. यादी एका दमात मंजूर झाली. काकूंना ते दिवाळीनंतर कळलं. मला त्या एवढंच म्हणाल्या, "तू तरी असायला हवा होतास रे." त्या दिवसापासून मी एकही सभा चुकवलेली नाही.

गावाला राजकारणाचा कंटाळा आलाय, हे मला पटत नाही. ग्रामपंचायतीच्या मतदानाला मुंबईहून चाकरमानी गाड्या भरून येतात, म्हाताऱ्यांना खुर्चीत बसवून केंद्रावर नेतात. मत देणं म्हणजे आपलं काम संपलं, अशी समजूत झाली आहे. पण १९९३ साली ७३वी घटनादुरुस्ती लागू झाली, तिनं ग्रामसभेला घटनेत जागा दिली. ही सभा निवडून दिलेल्यांची नाही, मतदारयादीत नाव असलेल्या प्रत्येकाची आहे. आमदाराला विधानसभेत बसायचा जसा हक्क, तसा काकूंना इथं. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावानं हे मनावर घेतलं. 'आमच्या गावात आम्हीच सरकार' म्हणत एकमतानं निर्णय घेण्याची पद्धत पाडली आणि २००९ साली आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला.

सगळा दोष लोकांचाही नाही. कामाच्या दिवशी सकाळी अकराला सभा लावली तर रोजंदारीवरच्या बाईनं हजेरी बुडवून यायचं का? महिलांची सभा आधी घ्यायची असते, ती बऱ्याचदा सह्यांपुरतीच होते. शिपाई घरोघरी रजिस्टर फिरवतो, बायका चुलीपाशी सही करतात. कशावर केली, ते कोणी सांगत नाही आणि कोणी विचारतही नाही.

गेल्या सभेला काकू आल्या. पिशवीत रेशनकार्ड, आधारकार्ड, नवऱ्याचा मृत्यूचा दाखला. पुढच्याच सतरंजीवर बसल्या. यादीचा विषय आल्यावर उठून म्हणाल्या, "नावं एकेक करून वाचा. शेरेपण वाचा." ग्रामसेवकांनी एकदा सरपंचांकडे पाहिलं आणि वाचायला घेतलं. पाऊण तास लागला.