जोडाच्या वर उरलेली फांदी

ताईंनी फोनवर एवढंच सांगितलं होतं, की आईच्या गुलाबानं रंग बदलला. आधी फिकट गुलाबी फुलायचा, आता गर्द लाल. मी जुन्या गुलाबांची रोपवाटिका चालवते. ही तक्रार मला नवी नाही. बहुतेक वेळा वरचं कलम मेलेलं असतं आणि खालचा खुंट, म्हणजे ज्या झाडाच्या मुळांवर ते कलम जोडलेलं असतं तो, माजलेला असतो.

तसंच निघालं. गर्द लाल फूल, मोजक्या पाकळ्या, मधोमध पिवळे पुंकेसर, वर्षातून एकदाच बहर. हा 'डॉक्टर ह्यूई', १९२० साली बाजारात आलेला, खुंट म्हणून सर्रास वापरला जाणारा. हायब्रिड टी या आधुनिक वर्गातला पहिला गुलाब मानला जाणारा 'ला फ्रान्स' १८६७चा. त्याआधीपासूनच्या वर्गांतले ते जुने, ही आमची ढोबळ रेघ. म्हणजे हा जुन्यांत बसतच नाही. हे ताईंना कसं सांगायचं, या विचारात मी आईच्या झाडाबद्दल विचारत राहिले. पुन्हा पुन्हा फुलायचा? हो. वास? भरपूर.

मग त्या म्हणाल्या, "पावसात कळ्या उघडायच्याच नाहीत. तपकिरी होऊन जागीच कुजायच्या. आई नखानं वरच्या पाकळ्या सोलायची, मग आतलं फूल निघायचं."

माझ्या अंगावर शहारा आला. पातळ पाकळ्या गच्च भरलेल्या असल्या की ओल्या हवेत बाहेरच्या एकमेकींना चिकटतात आणि कळी कोंडते. १८४३च्या 'सुव्हेनीर द ला माल्मेझाँ' या बूरबाँ नावाच्या जुन्या वर्गातल्या गुलाबाची ही प्रसिद्ध खोड. पण खोड इतरांतही असते, तेव्हा मी नाव उच्चारलं नाही. घाईनं ठेवलेलं नाव कलमांबरोबर दहा बागांत पसरतं आणि मग पुसता पुसत नाही. ही चूक मला सहन होत नाही.

गुडघे टेकून बुंध्याची माती उकरली. चारही जाड फांद्या जोडाच्या खालून निघालेल्या. त्यांच्या आड, जोडाच्या वर, पेन्सिलीएवढी एक फांदी. पानं निराळी, काटे तुरळक. जिवंत!

खुंटाचे फुटवे कापले नाहीत, मुळाशी धरून ओढून काढले. कापले तर उरलेल्या डोळ्यांतून, म्हणजे सुप्त अंकुरांतून, पुन्हा फुटतात. बारीक फांदीचे दोन डोळे झाडावर ठेवून वरच्या भागाची तीन छाटकलमं केली. एक गेलं, दोन लागली. पाटीवर तात्पुरतं नाव लिहिलं: 'ताईंच्या आईचा'. ओळख पटेपर्यंत सापडलेल्या गुलाबाला असंच कामचलाऊ नाव देण्याची आमची रीत आहे.

पुढच्या वर्षी पहिलं फूल आलं. फिकट गुलाबी, चपटं, मधे चार भाग पडलेले. मी पाटी अजून बदललेली नाही. आणखी एक-दोन बहर बघायचे आहेत. दुसरी कळी नेमकी पावसात सापडली आणि तपकिरी पडू लागली. ताईंना बोलावलं. त्या काही बोलल्या नाहीत. वाकल्या आणि नखानं वरची पाकळी हळूच सोलू लागल्या.