लोकेशन

बुधवार, रात्री साडेअकरा. झोप नाही.

संध्याकाळी पिंकी अल्बम घेऊन आली होती. लग्नाचा नव्हे, लग्नाआधीचा. हल्ली तोच जास्त जाड असतो. दोघं उसात, दोघं बुलेटवर, दोघं कुठल्याशा हॉटेलच्या नकली धबधब्यापाशी. चहा टाकायला उठणार, तेवढ्यात तिनं पान उलटलं. दगडी मोरी, बाजूला झुडपं, आणि वर पिंकीचा लांबच लांब लाल घागरा वाऱ्यावर सोडलेला.

"काकू, लोकेशन कसलं भारी आहे ना? रामलिंगच्या घाटातलं आहे. कॅमेरावाला म्हणला, निजामाच्या काळातला रस्ता होता इथं."

मी "छान आलाय गं" म्हणाले. तेव्हापासून काहीतरी टोचतंय.

रस्ता म्हणाली म्हणून? नाही. तिथून आमची बार्शी लाईट जायची, दोन रुळांत अडीच फुटांचं अंतर असलेली छोटी रेल्वे. पण 2008 मध्ये कुर्डुवाडीपर्यंत रुंद रुळांची ब्रॉडगेज पूर्ण झाली तेव्हा ही पोरगी शाळेत दप्तर फरफटवत असेल. तिला कुणी सांगायचं? नवी लाईन धाराशिवकडे वळवली. जुनी गाडी धाराशिव शहरात कधी जातच नव्हती, घाटातून उतरून सरळ पांगरी, बार्शी. लाईन वळली आणि घाटातला भराव, मोऱ्या सगळं तिथंच राहिलं. त्याला आता जे कुणी जे म्हणेल ते.

मग आमची गाडी जायची तिथं घागरा उडतोय, हे टोचलं? पण गाडीवर आमचं एवढं प्रेम होतं कुठं! सगळे शिव्याच घालायचे. चढाला गाडी इतकी हळू व्हायची की लोक खाली उतरून बोरं तोडून पुन्हा चढायचे, ही गोष्ट घरोघर सांगतात. मी कुणाला उतरताना पाहिलं नाही. पाय ठेवायला जागा नसायची, उतरणार कुठून? डोळ्यात कोळशाचे कण, मांडीवर दुसऱ्याचं पोर, पायाशी कुणाची तरी कोंबडी. ब्रॉडगेज झालीच पाहिजे म्हणून निवेदनं देणारे आपलेच. अण्णा तर पुढारीच होते त्यातले.

तरी टोचतंयच.

आमच्या वाट्याला सगळं अडीच फुटीच येतं, असं एकदम वाटून गेलं आणि रडूच आलं. गाडी अडीच फुटी, पाणी अडीच फुटी, आणि आठवणसुद्धा तेवढीच. तिकडं इंग्लंडात बघा. आपली बार्शी लाईट ज्यानं बांधली त्या कॅलथ्रॉपसाहेबानं तिकडं लीक अँड मॅनिफोल्ड नावाची लाईन आखली, तीही अडीच फुटीच. 1904 ला सुरू झाली, 1934 ला बंद पडली. तीस वर्षंसुद्धा धड नीट चालली नाही. पण 1937 मध्ये त्यांनी तिची पायवाट करून टाकली, आजही लोक तिच्यावरून फिरतात, सायकली चालवतात. आपली 1897 ला कुर्डुवाडीहून बार्शीला निघाली, 1911 ला लातूरला पोचली, निजामाच्या हद्दीत शिरली, पुढं 1927 ला मिरजेपर्यंत गेली, आणि शंभरी ओलांडून थांबली. तिचं काय केलं? थोडी ब्रॉडगेजखाली गेली, थोडी ज्याच्या त्याच्या बांधानं खाल्ली. लातुरात अजून "जुन्या रेल्वे लाईनजवळ" म्हटलं की रिक्षावाला बरोबर नेऊन सोडतो, हेच काय ते स्मारक.

हे लिहिलं आणि जरा हसू आलं. घाटात पायवाट करायला समिती कशाला पाहिजे? शेरडांनी केव्हाच केलीय.

आणि आमच्या गोठ्यातले रूळ? तेही स्मारकच की. छपराच्या दोन मेढी रुळाच्या आहेत. सुरुवातीचे रूळ दर यार्ड लांबीला तीस पौंड वजनाचे, त्यावर एका आसाचा भार पाच टनांच्या वर जाऊ द्यायचा नाही, हा साहेबाचा हिशोब. रूळ हलके म्हणून खर्च कमी, आणि भार सगळ्या आसांवर सारखा वाटला म्हणून एवढ्याशा रुळावरून कापसाच्या गाठी आणि पंढरीचे वारकरी दोन्ही गेले. आमची मेढ त्यातलीच असेल असं मी म्हणत नाही. पण हाताला मनगटापेक्षा थोडीच जाड लागते. खालच्या टोकाला फिशप्लेटची, म्हणजे दोन रूळ जोडायच्या पट्टीची, भोकं आहेत, त्यातून दाव्याचा दोर ओवलेला. गायीनं मान घासघासून एका अंगाला ती इतकी गुळगुळीत झालीय की तिथं गंज धरत नाही. बाकी सगळी तांबडी.

नानांचं राहू दे. ते लिहायला बसले तर सकाळ होईल.

2016 च्या एप्रिलात मिरजेहून पाण्याची गाडी आली, पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. आम्ही घागरी लावून बसलो होतो. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर. नीट बघितलं तर सगळा बार्शी लाईटचाच पट्टा, फक्त रुंद झालेला. अडीच फुटावरून तेवढे टँकर आले असते का? नसते आले. मग मी रडतेय कशाला? जी गेली तिच्यापेक्षा जी आली तिनं आम्हाला पाणी पाजलं.

तरीही.

आता साडेबाराला कळायला लागलंय थोडं. आमच्या घरात त्या गाडीचा एकही फोटो नाही. स्टेशनचा नाही, घाटाचा नाही, नानांचा तर फक्त कागदपत्रांवरचा, तोही कान कापलेला. आम्हाला कधी वाटलंच नाही की हे काढून ठेवावं. गाडी रोज होती ना. रोजच्या भाकरीचा फोटो कोण काढतो? (हल्ली काढतात म्हणा.) आणि ज्या पोरीला ती मोरी कशाची हेही माहीत नाही, तिच्याकडं तिचा एवढा स्वच्छ फोटो! एकेक दगड मोजता येतो त्यात. घागरा जरा आड येतो, तेवढं चालायचं.

मत्सर होता तर. वय झालं तरी जात नाही बाई.

पिंकीला मेसेज टाकला, तो फोटो मला पाठव. तिनं लगेच पाठवला, वर बदामाचं चित्र लावून. तीही जागीच आहे, लग्न तोंडावर आलंय. तो रस्ता नव्हता, आमची गाडी जायची तिथून, हे उद्या सांगीन. ऐकेल का कोण जाणे.

रात्री जेवणं झाल्यावर बाळूचा फोन येऊन गेला होता. भंगारवाला गोठ्यातल्या मेढी मागतोय, किलोवर भाव चांगला देतोय, नवं पत्र्याचं शेड टाकायचंच आहे. मी म्हटलं, इतक्यात देऊ नको.

"का गं आक्के? ठेवून काय करायचंय?"

"असू दे रे."

"बरं, ठेवतो. गाडी कधी सोडायलीस तेवढं सांग. वैरणीची गंजी तिथंच रचलीय, हलवावी लागंल."