पी पफर: उन्हाळा निभावला, मॉसमध्ये अंडी सापडली

मंडळी, माझ्या पी पफर या चिमुकल्या माशांचा मे महिना पार पडला. टँक ३० अंशांच्या वर जायला लागला की पाण्यावर छोटा पंखा सोडत होतो. मुंबईच्या दमट हवेत त्याने दीड-दोन अंशच उतरतात, पण तेवढे पुरले. आटलेलं पाणी मात्र रोज भरावं लागतं.

नर एक, माद्या तीन, हे गणित अजून तरी जमलंय. नराच्या पोटावर मधोमध काळपट रेघ आणि डोळ्यांमागे बारीक सुरकुत्या. कोवळ्या माशांत यातलं काहीच दिसत नाही. त्यामुळे कुर्ल्याच्या दुकानात कुणी ‘जोडी देतो’ म्हणालं तर हसून पुढे जावं. दोन नर एका छोट्या टँकमध्ये टाकले तर शेपट्या कुरतडलेल्या दिसणारच.

हा मासा आपल्याच पश्चिम घाटातला, केरळ आणि दक्षिण कर्नाटकातला. होरा आणि नायर यांनी १९४१ साली पंपा नदीतल्या नमुन्यांवरून त्याचं वर्णन केलं. पूर्ण वाढला तरी साडेतीन सेंटिमीटरच्या आत, आणि जन्मभर गोड्या पाण्यात. काही पफर मचूळ-खाऱ्या पाण्यात राहतात, पण ‘पफर आहे, मीठ टाका’ हा सल्ला याला लागू नाही. त्याला संथ, वनस्पतींनी भरलेलं पाणी लागतं. म्हणून मी फिल्टर स्पंजचाच ठेवलाय आणि मागची बाजू जावा मॉसने, म्हणजे पाण्यात वाढणाऱ्या शेवाळासारख्या वनस्पतीने, गच्च भरलीय. धोक्यातल्या प्रजातींची नोंद ठेवणाऱ्या आययूसीएन संस्थेच्या यादीत तो ‘असुरक्षित’ गटात आहे, आणि बाजारात बरेच मासे थेट नदीतून पकडलेले असतात. टँकमध्ये पैदास जमावी हा माझा हट्ट त्यासाठीच.

शिकार बघायला मात्र मजा येते. गोगलगाय काचेवर सरकत असते. पफर दोन बोटांवर येऊन हवेत टांगल्यासारखा थांबतो, शेपटी किंचित वाकवतो, एक डोळा तिच्यावर आणि दुसरा भलतीकडेच. तिने अंग बाहेर काढलं की झडप! पफरची चोच (म्हणजे जुळलेले दात) सतत वाढते, त्यामुळे कवचाचं खाणं हवंच. खिडकीतल्या बरणीत गोगलगायींची पैदास वेगळी चालू आहे. घरच्यांना ती बरणी अजिबात आवडत नाही.

आता मुख्य बातमी. नर मादीच्या मागे मॉसमध्ये शिरताना दिसला, म्हणून तिथला मॉस पिपेटने चाळला. जेमतेम मिलिमीटरभराची, काचेसारखी अंडी! चिकटत नाहीत, नुसती मॉसमध्ये अडकून राहतात. आईबाप खातील म्हणून त्याच टँकच्या पाण्यात वेगळी काढलीत, एअरस्टोन (पाण्यात हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) अगदी मंद ठेवून. साधारण पाच दिवसांत फुटतात. पिल्लांना आधी इन्फ्युसोरिया (पाण्यातले सूक्ष्मजीव), मग आर्टेमियाची (बारीक कोळंबीसारखा जीव) नुकती फुटलेली पिल्लं.

इन्फ्युसोरियाची बाटली तयार आहे, पण तिच्यावर एकटीवर विसंबायचं नाहीये. कुणाकडे मायक्रोवर्मचं (पिल्लांना खायला घालायच्या बारीक कृमींचं) कल्चर चालू असेल तर चमचाभर द्या. दादर ते ठाणे कुठल्याही स्टेशनवर येऊन घेईन, बदल्यात गोगलगायी हव्या तेवढ्या.