टोपीचा बिल्ला समजून बसलो होतो, निघालं भलतंच

मी मुळात नाण्यांचा माणूस, बिल्ले आणि मेडल यातलं मला काही कळत नाही हे आधीच सांगून टाकतो. जुन्या नाण्यांचा एक मिक्स लॉट घेतला होता, त्यात अगदी तळाला हा बिल्ला सापडला. गोल, साधारण सव्वा इंचाचा, वर मुकुट, मधे एकमेकांत गुंतलेली अक्षरं आणि त्या अक्षरांच्या आजूबाजूची जागा आरपार मोकळी, जाळीकाम असतं ना तसं. कडेने गोल फिरवून इंग्रजीत लिहिलंय 'फॉर किंग अँड एम्पायर, सर्व्हिसेस रेंडर्ड', म्हणजे राजासाठी आणि साम्राज्यासाठी सेवा बजावली. चांदीचा असणार, काळाही चांदी पडते तसाच पडला होता. मागे कधीकाळी पिन होती, आता नुसता बुंधा उरलाय, आणि मुकुटाच्या मागे कुणीतरी अगदी ओबडधोबड सोल्डर करून कडी लावलीय. शिवाय एक नंबर ठोकलेला, झिजलेला.

मुकुट दिसला म्हणजे ब्रिटिश सैन्य, सैन्य म्हणजे टोपी, एवढंच माझं लॉजिक. पाकिटात टाकला, वर लिहिलं 'कॅप बॅज ?' आणि विसरून गेलो.

परत हातात घेतला तेव्हा पहिल्यांदा खटकलं ते हे की यावर रेजिमेंटचं नावच नाही. ब्रिटिश कॅप बॅजवर बिगूल, हरीण, किल्ला, तोफ असं काहीतरी पलटणीचं चिन्ह असतं, बहुतेक वेळा नावही असतं. आणि मागची बाजू तर वेगळीच, कॅप बॅजला टोपीच्या कापडात खोचायची एक उभी पट्टी असते नाहीतर दोन कड्या असतात ज्यातून मागून पिन घालतात. साडीच्या पिनसारखी आडवी पिन असलेला कॅप बॅज मला एकही दिसला नाही. मग कॉलरचा असेल म्हणून शोधलं, ते जोडीने असतात आणि एवढे मोठे नसतात. खांद्यावरचा? बाहीवरचा? पहिल्या महायुद्धातल्या युनिफॉर्मचे फोटो मोठे करून करून बघितले, डोळे दुखायला लागले, पण हा बिल्ला कुठल्याच शिपायाच्या अंगावर नाही.

पुढची थिअरी मित्राची. तो म्हणाला हा स्वीटहार्ट ब्रूच, म्हणजे सैनिक आपल्या बायकोला किंवा प्रेयसीला पलटणीच्या चिन्हाचा दागिना द्यायचे तो प्रकार. पिन बघता पटण्यासारखं होतं, दोन दिवस मीही तेच धरून चाललो. पण पलटणीचं चिन्ह तर इथे नाहीच, आणि बायकोला दिलेल्या दागिन्यावर सिरियल नंबर कोण ठोकतं? नंबर आहे म्हणजे कुठेतरी रजिस्टर आहे, म्हणजे हे सरकारने मोजून दिलेलं आहे. खरं तर हे पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं, नाण्यावाल्याला तरी.

लॉट ज्याच्याकडून घेतला त्याला फोटो पाठवला तर तो ठामपणे म्हणाला, वूंड बॅज, जखमी सैनिकांना द्यायचे. या एका शब्दाने माझा बराच वेळ खाल्ला. कारण त्या नावाने शोधलं की जर्मन बिल्ले समोर येतात, १९१८ मध्ये सुरू झालेले, काळा, चांदीसारखा आणि सोनेरी, किती वेळा जखमी झाला त्यावर रंग ठरायचा, आणि त्यांच्यावर हेल्मेट आणि तलवारी असतात. ब्रिटिशांकडे १९१६ पासून जखमेसाठी होती ती डाव्या बाहीवर शिवायची एक उभी सोनेरी पट्टी. गोल चांदीचा बिल्ला नाही.

गाठ सुटली ती बाजूच्याच एका वस्तूमुळे. नंबर असलेले, कोटाला लावायचे ब्रिटिश बिल्ले असं शोधताना 'ऑन वॉर सर्व्हिस १९१५' लिहिलेले बॅज दिसले. हे दारूगोळ्याच्या कारखान्यातल्या कामगारांचे, सैनिकांचे नाहीतच. कामगाराला बॅज कशाला, तर रस्त्यात कुणी 'तू इथे काय करतोयस, लढायला का नाही गेलास' म्हणून अंगावर येऊ नये यासाठी. १९१४ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमधल्या फोकस्टोनला फिट्झगेराल्ड नावाच्या एका निवृत्त अॅडमिरलने तीस बायकांना जमवून, साध्या कपड्यात दिसणाऱ्या तरुणांना पांढरं पीस द्यायचं असं सुरू केलं होतं. पांढरं पीस म्हणजे भित्रा. आणि मग ते पसरतच गेलं.

इथे माझी ट्यूब पेटली. मी इतके दिवस हा बिल्ला युनिफॉर्मवर शोधत होतो आणि तो होताच मुळी युनिफॉर्म उतरवलेल्या माणसासाठी.

नाव आहे सिल्व्हर वॉर बॅज. सप्टेंबर १९१६ मध्ये सुरू झाला. ४ ऑगस्ट १९१४ नंतर जखमेमुळे किंवा आजारपणामुळे ज्याला सैन्यातून कायमचं सोडलं त्याला मिळायचा, साध्या कपड्यांवर छातीच्या उजव्या बाजूला लावायचा आणि युनिफॉर्मवर लावायला बंदी. त्याच वर्षी सक्तीची भरती सुरू झालेली, त्यामुळे धडधाकट दिसणारा पण आतून फुफ्फुसं गेलेला माणूस ट्राममध्ये बसला की सगळे त्याच्याकडे बघणार. शौर्याबद्दल काही म्हणायचंच नाही या बिल्ल्याला, 'मी जाऊन आलोय, आता मला सोडा' एवढंच. साडेअकरा लाखांच्या आसपास वाटले गेले. त्यामुळे दुर्मिळ वगैरे अजिबात नाही, मला वाटत होतं मी काय खजिना शोधलाय!

आता नंबर. सैन्याचे रोल, म्हणजे कुठला नंबर कुणाला दिला त्या याद्या, लंडनच्या क्यू भागातल्या नॅशनल अर्काइव्हजमध्ये डब्ल्यूओ ३२९ या सिरीजमध्ये आहेत आणि त्यांचे स्कॅन पैसे भरून ऑनलाईन बघता येतात. नौदलाची सिरीज वेगळी, तिथे आकड्याआधी आरएन (रॉयल नेव्ही) असतं, ते नाही ना एवढं आधी बघा. माझ्याकडे एक आकडा तीन की आठ तेच कळेना. पॉलिशचा डबा हातात घेतला होता, खरंच, पण नाण्यांच्या सवयीने परत ठेवला, घासलं असतं तर होतं तेही गेलं असतं. शेवटी अंधार करून टॉर्च अगदी आडवा धरला, भिंग लावलं, आणि डाव्या बाजूच्या कडेची सावली स्पष्ट दिसली. आठ. त्याआधी तीन धरून मी एका भलत्याच माणसाची सगळी माहिती उतरवून घेतली होती, ती फाडली.

रोलमधली ओळ छोटीशीच. नाव इथे देत नाही. तोफखान्यातला माणूस, भरतीची तारीख, सोडल्याची तारीख, मधे वर्षभरही नाही. कारणाच्या रकान्यात 'सिकनेस' आणि किंग्ज रेग्युलेशन्सचं कलम ३९२, पोटकलम सोळा, म्हणजे युद्धसेवेला शारीरिकदृष्ट्या अपात्र. परदेशात सेवा केली का या रकान्यात 'नो'.

म्हणजे वूंड बॅज म्हणणारा विक्रेता या माणसाच्या बाबतीत तर डबल चुकला. गोळी सोडाच, हा फ्रान्सच्या आघाडीवर पोचलाच नव्हता. आणि परदेशी न गेलेल्या सैनिकाला ते नेहमीचं ब्रिटिश वॉर मेडल मिळायचं नाही, त्यामुळे सैन्यात होतो हे दाखवायला त्याच्याकडे बहुधा हा बिल्लाच. पिन मोडल्यावर ती कडी का लावली असेल याचा माझा अंदाज आता असा की घड्याळाच्या साखळीला अडकवून घालत असणार. त्याने का त्याच्या मुलाने, ते काही कळायचं नाही. आधी वाटलं होतं कडी काढून पिन बसवून घ्यावी, मूळ रूपात. नाही काढली.

पाकिटावरचं 'कॅप बॅज ?' खोडलं आणि खाली लिहिलं: उजवी बाजू, साधा कोट.