अली, टायसन आणि रात्रीचे पावणेदोन

आज परत तेच. जेवणं झाल्यावर दादाने विषय काढला, बॉक्सिंगमधले मोहम्मद अली आणि माइक टायसन, दोघे आपापल्या भरात असताना भिडले असते तर? टायसन अलीला चार राउंडात झोपवेल म्हणे, मी म्हटलं चार राउंडांनंतर टायसनलाच धाप लागेल आणि अली लांबून जॅब, म्हणजे पुढच्या हाताचे सरळ ठोसे, मारत बसेल, मग दोघांचे आवाज चढले, आईने भांडी जरा जोरातच आपटली आणि विषय बंद. बंद म्हणजे माझ्या डोक्यात चालूच आहे, म्हणून लिहितोय.

दादाचं सगळंच चुकतं असंही नाही. १९६६ मध्ये ह्यूस्टनला क्लीव्हलंड विल्यम्सला तिसऱ्या राउंडात गुंडाळणारा अली घ्यायचा आणि १९८८ मध्ये मायकल स्पिंक्सला ९१ सेकंदांत आडवा करणारा टायसन घ्यायचा, इथवर आमचं एकमत आहे. पण मॅच किती राउंडांची? अलीच्या काळात टायटलची लढत पंधराची असायची, १९८२ मध्ये रे मॅन्सिनीशी लढताना किम ड्युक-कू ह्या कोरियन बॉक्सरला जबर मार बसला आणि त्यात तो गेला, त्यानंतर ती हळूहळू बारावर आली. दादाला अर्थातच बाराचीच पाहिजे.

गंमत म्हणजे असली मॅच खरंच करून झालीय. १९६९ साली, मायामीत. सैन्यात जायला नकार दिल्यामुळे अलीवर बंदी होती, आणि रॉकी मार्सियानो, ४९ पैकी ४९ लढती जिंकून १९५६ मध्ये रिटायर झालेला, आता पंचेचाळीस वर्षांचा. पठ्ठ्याने त्यासाठी वीसेक किलो वजन उतरवलं आणि डोक्यावर चक्क विग चढवला. दोघांनी एकेका मिनिटाचे सत्तरेक राउंड कॅमेऱ्यासमोर खेळून दाखवले, शेवटही वेगवेगळे शूट केले, आणि खरा निकाल म्हणे कॉम्प्युटर देणार. अलीचा रीच, म्हणजे पसरलेल्या हातांची लांबी, जवळपास दहा इंच जास्त, त्यात पायांचा तो वेग, मार्सियानो त्याच्या जवळ तरी कसा पोचला असता मला कळत नाही. पण जानेवारी १९७० मध्ये थिएटरात दाखवलं तेव्हा निकाल होता, तेराव्या राउंडात मार्सियानो नॉकआउटने विजयी.

आणि हे बघायला मार्सियानो नव्हताच. शूटिंगनंतर थोड्याच आठवड्यांत, ३१ ऑगस्टला, शेहेचाळिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी तो विमान अपघातात गेला. आपण जिंकलो की हरलो हे त्याला कळलंच नाही. हे वाचलं की मला प्रत्येक वेळी कसंतरीच होतं, खोट्या मॅचचं एवढं काय वाटून घ्यायचं खरं तर.

आणि आता लिहिता लिहिता वाटतंय, की आपण उगाच म्हणतो वेगवेगळ्या काळातले बॉक्सर कधी भिडले नाहीत म्हणून. भिडलेत की, फक्त दर वेळी एक जण म्हातारा झालेला असतो. १९५१ मध्ये ह्याच मार्सियानोने सदतीस वर्षांच्या जो लुईला आठव्या राउंडात दोरांमधून बाहेर पाडलं आणि नंतर ड्रेसिंग रूममध्ये स्वतःच रडला, कारण लुई त्याचा हिरो. १९८० मध्ये लॅरी होम्सने अलीला धुतलं, तोच होम्स जो आधी अलीचा स्पारिंग पार्टनर, म्हणजे सरावातला जोडीदार, होता, शेवटी दहाव्या राउंडनंतर अलीच्या कॉर्नरनेच, म्हणजे त्याच्या ट्रेनरनेच, लढत थांबवली. ती क्लिप मी एकदाच पूर्ण पाहिलीय, परत नाही. आणि १९८८ मध्ये त्याच होम्सला टायसनने चौथ्या राउंडात झोपवलं. साखळीच आहे सगळी.

ह्या साखळीत ट्रेव्हर बर्बिक म्हणून एक जण आहे. अलीची शेवटची लढत, डिसेंबर १९८१, बहामात, ती ह्याच्याशी. आणि नोव्हेंबर १९८६ मध्ये वीस वर्षांच्या टायसनने पहिला टायटल बेल्ट घेतला तो ह्याच्याचकडून! म्हणजे दोघांच्याही समोर उभा राहिलेला माणूस, ह्याहून चांगलं माप कुठे मिळणार. सकाळी चहाला दादाला हेच सांगायचं असं ठरवलं होतं.

मग आठवलं, अली बर्बिकशी दहा राउंड खेळून पॉइंट्सवर हरला होता आणि टायसनने त्याला दोन राउंडात उरकला होता. अली तेव्हा जवळजवळ चाळिशीचा होता वगैरे वगैरे, पण दादा ते थोडीच ऐकून घेणार.

नाहीच सांगत.