बलकावरचा आळ

१ जून ते ३१ जुलै या काळात महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, आणि मासळीविना घास न उतरणाऱ्या आमच्या रत्नागिरीकडच्या घरांत सुकटीच्या जोडीला अंड्याची वर्णी लागते. रोज अंडे खाल्ले तर हृदयाचे काय, हा प्रश्न इकडे नेमका याच दिवसांत निघतो. तो काढतात बहुधा दुसरे अंडे ताटात वाढून घेतलेले काका.

ही भीती जुनी आहे. आठवड्याला तीनपेक्षा जास्त बलक खाऊ नयेत, असा सल्ला अमेरिकन हार्ट असोसिएशनने १९६८ मध्ये दिला होता. मोठ्या अंड्यात साधारण १८५ मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असते आणि ते सगळे बलकात, म्हणून आळ त्याच्यावर आला, आणि पांढरे खाऊन पिवळे मांजरापुढे टाकणारी माणसे घरोघर दिसू लागली. परंतु शरीरातील बहुतेक कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच तयार करते, त्यात यकृताचा वाटा मोठा. आहारातून अधिक आले, तर पुष्कळांच्या बाबतीत ही निर्मिती आवरती घेतली जाते. अमेरिकी सरकारच्या २०१५-२०२० च्या आहारमार्गदर्शनातून दिवसाला ३०० मिलिग्रॅमची जुनी मर्यादा वगळण्यात आली. यात तोटा झाला तो मांजरांचा, कारण ब-१२, ड जीवनसत्त्व, कोलीन आणि डोळ्यांना उपयुक्त ल्युटीन हा सारा ऐवज बलकातच असतो.

रक्तातील एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ म्हटले जाणारे कोलेस्टेरॉल, वाढविण्यात संपृक्त मेदाचा (सॅच्युरेटेड फॅटचा) हात मोठा, आणि तो एका अंड्यात जेमतेम दीड ग्रॅम भरतो. उलट १०० ग्रॅम ओल्या खोबऱ्यात तो ३० ग्रॅमच्या आसपास असतो. आमच्या कालवणात अंडे एक आणि वाटप वाटीभर, तरी दोष अंड्याला! खोबऱ्याविरुद्ध बोलण्याचे धाडस कोकणात कुणी करीत नाही. मीही हा विषय लांबवत नाही.

निरोगी माणसाला रोज एक अंडे सहसा बाधत नाही. ज्यांना मधुमेह आहे किंवा ज्यांचे एलडीएल चढलेले आहे, त्यांनी मात्र प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. कच्चे अंडे दुधात फेटून पिण्याची हौस मला पटत नाही. त्यात पोट बिघडवणाऱ्या साल्मोनेला जंतूंचा धोका असतो. राहता राहिले गावठी अंडे. त्याच्या चवीसाठी जादा पैसे मोजायला माझी ना नाही, पण कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवरून ठरतो, पोषणावरून नव्हे; नुसते तपकिरी कवच पाहून कुणी पाकीट उघडू नये.